कोंड्यावरचं सेल्युलेज: फ्लास्कमध्ये 6 युनिट, ट्रेमध्ये 2. आता टाकीकडे वळावं का?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. ट्रायकोडर्मा रीसाय ही बुरशी, स्ट्रेन रुट-सी30, गव्हाच्या कोंड्यावर वाढवून सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारं एन्झाइम) काढण्याचं काम चालू आहे. 250 मिलीच्या फ्लास्कमध्ये 5 ग्रॅम कोंडा, त्यात 10 मिली मँडेल्सचं क्षारद्रावण, 28 अंशावर 120 तास. ग्रॅममागे 6 च्या आसपास फिल्टर पेपर युनिट (सेल्युलेजच्या ताकदीचं माप) सातत्याने मिळतात.

हेच ट्रेमध्ये नेलं की गणित कोसळतं. ट्रे अ‍ॅल्युमिनियमचे, 60 × 40 सेंमी, तळ बंद. थर 6 सेंमी, म्हणजे ट्रेमागे साधारण अडीच किलो कोंडा. कोंड्याला द्रावणाचं प्रमाण फ्लास्कचंच, 1:2. वर फॉइल. खोली 28 अंशावर, कोपऱ्यात एक पंखा. चाळिसाव्या तासाला थराच्या मध्यभागी 44 अंश दिसतात. वरचा बोटभर भाग पांढराशुभ्र विणला जातो, पण तळाशी चिकट लगदा आणि आंबूस वास. अर्क 0.05 मोलर सायट्रेट बफरमध्ये, सामू 4.8, प्रमाण 1:10. युनिट येतात जेमतेम 2.

माल दोन ठिकाणी द्यायचा विचार आहे: पशुखाद्य आणि मुरघासासाठी कोरडी पावडर, आणि इचलकरंजीकडच्या कापड प्रोसेसिंगसाठी द्रव. ट्रेमध्येच दुरुस्ती करावी, की सरळ सबमर्ज्डवर, म्हणजे द्रव माध्यमात वाढवण्यावर, जाऊन फर्मेंटर (त्यासाठीची टाकी) घ्यावा? आकड्यांसकट सांगितलंत तर उपकार होतील.

---

पायलटप्लांट

फर्मेंटरचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुमची बुरशी ठीक आहे, तिला उकडतंय आणि तिचा श्वास कोंडतोय. दोन्हीचं कारण थराची जाडी आणि जास्तीचं पाणी.

आधी उष्णता. कोंड्यातला एक ग्रॅम कर्बोदक बुरशीने पूर्ण जाळला तर सुमारे 15.6 किलोज्यूल बाहेर पडतात. एक किलो कोरड्या कोंड्यातले 200 ग्रॅम पूर्ण चक्रात जळले असं धरा, तर झाले 3,100 किलोज्यूल. यातली निम्मी उष्णता जोराच्या वाढीच्या एकाच दिवसात निघते, म्हणजे किलोमागे 18 वॉट. आकडा किरकोळ वाटतो. पण एक किलो कोंडा आणि त्यातलं दीड लिटर पाणी यांना एक अंश चढायला जेमतेम 8 किलोज्यूल लागतात. उष्णता बाहेर पडलीच नाही तर तासाला 8 अंश! तुमचे 44 हे थोडीफार उष्णता निसटतेय म्हणून आहेत. ट्रायकोडर्माला 35 च्या वर एन्झाइम सोडणं जमत नाही. 44 वर मधला भाग नुसता पडून राहतो.

ओला कोंडा उष्णतेचा वाईट वाहक आहे. वहनाने उष्णता जाते तेव्हा मधलं तापमान जाडीच्या वर्गाने चढतं, थर दुप्पट केला की फरक चौपट. 6 वरून अडीच सेंमीवर आलात तर मधला चढ पाच-सहा पटीने उतरेल. म्हणून 60 × 40 च्या ट्रेमध्ये एक किलो कोरडा कोंडा, त्यावर नाही. जागा जास्त लागते हे खरं, पण जाड थरातला मधला माल तसाही वायाच जातो आहे.

तळ बंद असेल तर हवा एकाच बाजूने. स्टेनलेस 304 चे सच्छिद्र ट्रे करून घ्या, 2-3 मिमीची भोकं, सेंटिमीटरभर अंतराने. आत मलमल अंथरा म्हणजे बारीक कोंडा गळत नाही. वर फॉइल अजिबात नको, ओलं करून पिळलेलं मलमल पुरे. मांडणीत दोन ट्रेंमध्ये किमान 10 सेंमी मोकळी जागा सोडा. कोपऱ्यातला पंखा खोलीची हवा फिरवतो, ट्रेंच्या मधल्या फटीतून वारा जात नाही. हवा मांडणीच्या एका बाजूने ढकलून दुसऱ्या बाजूने काढायची, आणि थोडी ताजी हवा सतत आत यायला हवी, नाहीतर कार्बन डायऑक्साइड साचतो.

आता इथे बहुतेकांची फसगत होते. गरम होतंय म्हणून कोरड्या हवेचा झोत मारतात. वर काढलेली सगळी 3,100 किलोज्यूल उष्णता बाष्पीभवनाने न्यायची तर किलोमागे सव्वा लिटरहून जास्त पाणी उडावं लागेल. थरात सुरुवातीला असतं दीड लिटर. श्वसनातून बुरशी स्वतः जेमतेम 120 मिली पाणी परत देते. म्हणजे तापमान सुंदर 28 ला राहील आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी थर वाळून बुरशी थांबेल. म्हणून हवा 90 ते 95 टक्के आर्द्रतेची हवी, आणि साठाव्या तासाच्या आसपास ट्रेचं वजन करून जितकं घटलं असेल त्याच्या साधारण दोन-तृतीयांश निर्जंतुक पाणी बारीक फवाऱ्याने द्या. सगळं वजन पाण्यामुळे घटलेलं नसतं, काही कर्ब वायू होऊन गेलेला असतो, म्हणून पूर्ण भरपाई करायची नाही.

ओलाव्याचं प्रमाण मुळातच चुकलंय. बाजारातल्या कोंड्यात साधारण 10 टक्के पाणी असतंच. 100 ग्रॅम कोंडा आणि 200 मिली द्रावण म्हणजे 300 ग्रॅममध्ये 210 पाणी, 70 टक्के ओलावा. फ्लास्कमधल्या सेंटिमीटरभर थराला ते चालून जातं, ट्रेमध्ये कणांमधल्या फटी पाण्याने बुजतात आणि हवा खाली उतरतच नाही. तळचा आंबूस लगदा तोच. 60 टक्के हवं असेल तर 100 ग्रॅम कोंड्याला एकूण 125 मिली. त्यातले 10 मिली बीजाणूंच्या द्रावणाचे धरले तर क्षारद्रावण 115 मिली. खूण सांगतो: मुठीत आवळला की गोळा व्हावा, बोटांच्या फटीतून पाणी येऊ नये, आणि हलक्या टिचकीने गोळा फुटावा.

कोंडाही बघून घ्या. चक्कीवरच्या बारीक कोंड्यात पीठ राहतं. ऑटोक्लेव्हमधून निघाल्यावर त्याची खळ होते. रोलर मिलचा जाडा, पापुद्रेदार कोंडा घ्या आणि पीठ चाळून टाका. उसाचं बगॅस धुऊन, वाळवून, 2-4 मिमीचे तुकडे 20 ते 30 टक्के मिसळलेत तर थर मोकळा राहतो आणि सेल्युलोजही मिळतं. बगॅसची भुकटी करू नका, ती कोंड्याहून वाईट बसते.

तीस-छत्तीस तासांनी जाळं विणून थराची वडी होते, कडेने आक्रसते. त्या वेळी एकदाच, हातमोजे घालून, हलक्या हाताने फोडा. परतपरत ढवळू नका, ट्रायकोडर्माचे तंतू तुटले की सावरायला वेळ घेतात.

---

डीएनएस_540

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पण ट्रेमधले ते 2 युनिट खरंच 2 आहेत का, ते आधी तपासा. मला तो आकडाच मान्य नाही.

फिल्टर पेपर पद्धतीत अर्ध्या मिली एन्झाइमने 60 मिनिटांत 50 मिलिग्रॅम व्हॉटमन नंबर 1 मधून बरोबर 2.0 मिलिग्रॅम ग्लुकोज सोडायचं असतं. एन्झाइम कितपत सौम्य केल्यावर ते साधतं ते शोधायचं आणि 0.37 ला त्या सौम्यतेने भागायचं. 0.37 कुठून येतं? 2 मिलिग्रॅम म्हणजे 11.1 मायक्रोमोल, भागिले अर्धा मिली, भागिले 60 मिनिटं. याचाच अर्थ, न सौम्य केलेला अर्कसुद्धा 2.0 मिलिग्रॅमपर्यंत पोचत नसेल, तर मिलीमागे 0.37 च्या खालचा आकडा ही पद्धत देऊच शकत नाही. ग्रॅममागे 2 युनिट आणि 1:10 चा अर्क म्हणजे मिलीमागे 0.2. तुम्ही आलेखाची रेघ खाली ओढून तो काढलाय. सेल्युलोजचं विघटन सरळ रेषेत चालत नाही, त्यामुळे तसा ओढलेला आकडा फसवा असतो. ट्रेचा माल 1:5 ने काढा, किंवा अर्क 10 किलोडाल्टनच्या पडद्यावर आटवून मोजा. तोवर ट्रे-ट्रेमधली तुलना सीएमसी (सेल्युलोजचं विरघळणारं रूप) वापरून करा, 2 टक्के द्रावण, 50 अंश, 30 मिनिटं. नुसती तुलना करायला तेवढं पुरतं.

एन्झाइम ब्लँक ठेवता का? कोंड्याच्या अर्कात स्वतःची क्षपणक साखर भरपूर असते, आणि नीट न वाढलेल्या ट्रेमध्ये ती न खाल्लेली उरते. बफर आणि अर्क आहे पण कागद नाही, अशी नळी प्रत्येक नमुन्याला, प्रत्येक सौम्यतेला वेगळी हवी. ती वजा केली नाही तर खराब ट्रेच चांगला दिसतो. ब्लँकचा रंग फारच गडद येत असेल तर अर्क सेफाडेक्स जी-25 च्या छोट्या स्तंभातून काढा, किंवा त्याच बफरमध्ये डायलिसिस करा.

डीएनएस (क्षपणक साखरेबरोबर रंग देणारं रसायन) घातल्यावर पाणी खळखळ उकळत असलं पाहिजे, पाच मिनिटं घड्याळ लावून, आणि ग्लुकोजची मानक मालिका त्याच रॅकमध्ये. मानकं आदल्या दिवशीची आणि नमुने आजचे, असं चालत नाही. 540 नॅनोमीटरला वाचण्याआधी कागदाचा लगदा खाली बसू द्या.

एकक लिहिताना 'सुरुवातीच्या कोरड्या कोंड्याच्या ग्रॅममागे' असंच लिहा. शेवटच्या कोरड्या वजनावर काढलंत तर पाचवा हिस्सा जळून गेलेला असल्याने आकडा फुगतो. अर्काचं आकारमान धरताना थरातलं पाणीही धरा: 10 मिली बफर आणि ग्रॅममागे सव्वा-दीड मिली ओलावा मिळून साडेअकराच्या जवळ जातं.

शेवटचा मुद्दा ट्रायकोडर्माच्या स्वभावाचा. त्याच्या अर्कात बीटा-ग्लुकोसिडेज कमी असतं. ते एन्झाइम सेलोबायोज (दोन ग्लुकोजची जोडी) फोडतं, ते कमी पडलं की सेल्युलोजचे तुकडे सेलोबायोजवर येऊन अडतात आणि साचलेलं सेलोबायोज सेल्युलेजलाच रोखतं. अर्क मुळात बरा असूनही आकडा दबतो. शंका आली तर अ‍ॅस्परजिलस नायजरचं बीटा-ग्लुकोसिडेज थोडं घालून चाचणी पुन्हा करा. आकड्याने एकदम उडी मारली तर तुमच्या मालात ते एन्झाइम कमी आहे एवढं नक्की.

---

वारणाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. एन्झाइम ब्लँक एकच ठेवत होतो, प्रत्येक नमुन्याला नाही. कोंडा चक्कीचाच आहे.

आणखी एक विचारतो. तळच्या लगद्याला आंबूस वासाबरोबर काही ट्रेमध्ये अमोनियासारखा वास येतो. ऑटोक्लेव्ह 121 अंशावर 20 मिनिटं करतो. आणि सबमर्ज्डबद्दल कुणी बोललं नाही. कापडवाल्यांना द्रव हवा असेल तर टाकी घ्यावीच लागेल ना?

---

टाकीवाला

अमोनियाचा वास आणि तार सुटणारा चिकटपणा म्हणजे बॅसिलस. त्याचे बीजाणू कोंड्यात मुळातच असतात आणि कोरड्या गाभ्यात 20 मिनिटांत मरत नाहीत. फ्लास्कमधल्या 5 ग्रॅमला 20 मिनिटं पुरतात, किलोच्या पिशवीला नाही, आत वाफ पोचायलाच तेवढा वेळ जातो. कोंडा द्रावणात कालवून तासभर मुरू द्या, मगच ऑटोक्लेव्ह. दीड-दोन किलोच्या पिशव्या, सैल भरलेल्या, 121 वर 45 ते 60 मिनिटं. क्षारद्रावण सौम्य आम्लाने साडेचार-पाच सामूवर आणलंत तर जिवाणूंना आणखी चाप बसतो आणि ट्रायकोडर्माला काही त्रास नाही. गुलाबी-नारिंगी भुकटी दिसली तर ती न्यूरोस्पोरा. तो ट्रे खोलीत उघडू नका, झाकून थेट ऑटोक्लेव्हमध्ये. एक दिवस दुर्लक्ष झालं तर पूर्ण मांडणी भरते.

आता सबमर्ज्ड. तुमचा द्रवाचा मुद्दा बरोबर आहे, मात्र टाकी म्हणजे ट्रेवरचा उपाय नव्हे, तिचे प्रश्न वेगळे. ट्रेमध्ये उष्णता काढणं अवघड, टाकीत जॅकेटमुळे ते सोपं. पण टाकीत प्राणवायू अवघड. 28 अंशाच्या माध्यमात हवेतला प्राणवायू लिटरमागे पाव मिलिमोलच्या आसपास विरघळतो. दाट वाढलेली बुरशी तासाला लिटरमागे 25 मिलिमोल ओढत असेल, तर हवा बंद झाल्यावर साठा किती पुरेल? 36 सेकंद. वीज गेली आणि जनरेटर दोन मिनिटांनी चालू झाला तर दीड मिनिट ती प्राणवायूशिवाय असते, आणि असं एकाच बॅचमध्ये चार वेळा झालं की उत्पादन पडतं. ट्रेमधला माल अर्धा तास वीज नसली तरी तग धरतो. ग्रामीण भागातल्या युनिटने याचा हिशोब यंत्र घेण्याआधी करावा.

10 लिटरच्या फर्मेंटरमध्ये 7 लिटर माध्यम, याहून जास्त भरू नका, फेस होतो. सुरुवातीला मँडेल्सचेच क्षार दुपटीने घ्या: लिटरमागे अमोनियम सल्फेट 2.8 ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट 4, युरिया 0.6, मॅग्नेशियम सल्फेट 0.6, कॅल्शियम क्लोराइड 0.6. शिवाय लोह, मँगनीज, जस्त, कोबाल्ट मिलिग्रॅममध्ये. कॅल्शियम फॉस्फेटबरोबर ऑटोक्लेव्ह केलंत तर साका बसतो, वेगळं करा. साखरही वेगळी, नाहीतर तांबडी होते. सेंद्रिय नत्रासाठी मक्याच्या स्टार्च कारखान्यातलं कॉर्न स्टीप लिकर 10 ग्रॅम. कर्ब म्हणून सेल्युलोज पावडर 10 ते 20 ग्रॅम किंवा लॅक्टोज 20 ग्रॅम. पनीर-चीजच्या निवळीत लॅक्टोज असतं, त्यावर काम करण्यासारखं आहे. पण तिची प्रथिनं आधी तापवून, आम्ल घालून काढून टाका, नाहीतर फेस आवरत नाही.

ग्लुकोज देऊन भागत नाही. ग्लुकोज भरपूर असलं की बुरशी सेल्युलेजची जनुकं बंदच ठेवते. रुट-सी30 मध्ये ही जनुकं रोखणारं सीआरई1 प्रथिन तुटकं असल्याने दाब कमी, तरी चालू करायला इशारा लागतोच: सेल्युलोज, लॅक्टोज किंवा सोफोरोज. म्हणून बीज ग्लुकोजवर वाढवायचं, 24 ते 36 तास, मुख्य टाकीत 5 ते 10 टक्के घालायचं, आणि लॅक्टोज संपत आलं की थेंबाथेंबाने द्यायचं. वेग असा की टाकीत उरलेली साखर लिटरमागे 1 ग्रॅमच्या आत राहील. साखर संपली की विरघळलेल्या प्राणवायूचा काटा एकदम वर उसळतो, तीच फीड वाढवण्याची वेळ.

तापमान 28, विरघळलेला प्राणवायू 30 टक्क्यांच्या वर, हवा मिनिटाला माध्यमाच्या अर्ध्या ते एक पट. सामू 5. अमोनियम खाल्लं जाताना सामू सरसर उतरतो. 3 च्या खाली गेला की तयार झालेलं सेल्युलेज टाकीतच मरतं, अशा बॅचेस नंतर वाचत नाहीत. सौम्य अमोनियाने सामू धरा, नत्रही मिळतो. अँटिफोम थेंबाने, कारण तेल प्राणवायूचं विरघळणं कमी करतं, आणि मग आरपीएम वाढवावे लागतात, त्यात तंतू तुटतात.

बीजाणूंची संख्या इथे रूप ठरवते. थोडे टाकले तर गोळ्या होतात, माध्यम पातळ राहतं पण मोठ्या गोळीच्या आत प्राणवायू पोचत नाही. जास्त टाकले तर सुटे तंतू, उत्पादन बरं, पण माध्यम पिठल्यासारखं घट्ट होऊन ढवळायला वीज खातं. मी सुट्या तंतूंच्या बाजूचा आहे, कारण गोळ्यांचा आकार बॅचगणिक बदलतो आणि मग निकालही.

सुधारलेल्या औद्योगिक स्ट्रेनवर फेड-बॅचमध्ये (साखर थोडीथोडी देत चालवलेल्या टाकीत) लिटरमागे 100 ग्रॅमहून जास्त प्रथिन निघाल्याच्या नोंदी आहेत. रुट-सी30 आणि छोट्या टाकीत तुम्ही त्याच्या जवळपासही जाणार नाही. कापडाच्या द्रव एन्झाइमची बाजारातली किंमत त्या मोठ्या टाक्या ठरवतात, हे डोळ्यांसमोर ठेवून आकडेमोड करा.

---

सूक्ष्मजीव_पुणे

माझ्या मते निवड माल कोणत्या रूपात विकायचा यावर करायची, युनिटवर नाही. पशुखाद्याला कोरडी पावडर लागते आणि कोंडा हा स्वतःच खाद्य आहे. मग तिथे अर्क काढणं, गाळणं, आटवणं यातलं काहीच नको: आख्खा माल 40 अंशावर 10 टक्क्यांखाली वाळवला, दळला, युनिट मोजून प्रमाणित केला की झालं. ट्रेचं अर्थशास्त्र इथे जिंकतं. जोकिची ताकामिने यांनी 1894 मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं ते अ‍ॅस्परजिलस ओरायझीच्या डायस्टेजचं (स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमचं), आणि त्यांनीही गव्हाचा कोंडाच धरला होता. कोंडा खरोखर नेमका आहे: पापुद्रे हवा धरतात, नत्र आहे, फॉस्फरस आहे.

कापडाला मात्र कोंड्याचा अर्क देऊ नका. त्यात कोंड्याचा तपकिरी रंग येतो, फिकट कापडावर तो दिसतो. शिवाय झायलनेज, प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम), बारीक कण. बायोपॉलिशिंगमध्ये (कापडावरचे बारीक तंतू एन्झाइमने काढण्यात) 50-55 अंश, सामू साडेचार-पाच, आणि वेळ संपली की एन्झाइम मारून टाकावं लागतं, सामू 9 च्या वर किंवा 80 अंशावर दहा मिनिटं. डोस बॅचगणिक सारखा नसला तर धागा कमजोर होतो आणि पूर्ण लॉट परत येतो. एवढी एकसारखी प्रत अर्काला द्यायची तर गाळणी, अल्ट्राफिल्ट्रेशन, टिकवण म्हणून ग्लिसरॉल किंवा सॉर्बिटॉल, सगळंच बसवावं लागेल. म्हणून आधी पावडर. द्रवाचं पुढे बघता येईल, आणि ते करायचंच झालं तर टाकीत.

पावडरीचा धोका स्पष्ट सांगतो. ट्रे पूर्ण हिरवे होईपर्यंत थांबू नका. 72, 96, 120 आणि 144 तासांना नमुने काढा. सेल्युलेजचा कळस बहुधा हिरवेपणाच्या आधी किंवा सुरुवातीला येतो, त्यानंतर प्रोटिएज वाढून ते खाऊ लागतं आणि बीजाणूंची धूळ उडते. बीजाणू आणि एन्झाइमची धूळ, दोन्हींनी दमा होतो. एकदा संवेदनशीलता आली की थोड्याशा धुळीनेही त्रास होतो, आणि त्या माणसाला ते काम सोडावं लागतं. दळण बंदिस्त, ओढणारा पंखा गाळणीसकट, आणि काम करणाऱ्या प्रत्येकाला एन95 मास्क. कापडी रुमाल चालणार नाही. दळलेल्या पावडरीवर थोडं खाद्यतेल मारलं की धूळ बसते.

बीटा-ग्लुकोसिडेजसाठी अ‍ॅस्परजिलस नायजर त्याच ट्रेमध्ये मिसळण्याचा मोह होईल. तो ट्रायकोडर्माहून चपळ आहे, बरोबर टाकला तर ट्रे काळा करून टाकतो. 24 ते 48 तास उशिरा आणि दशांश प्रमाणात टाकला तर जमतं, पण सातत्य राहत नाही. वेगळ्या ट्रेमध्ये वाढवून पावडर मोजून मिसळणं जास्त खात्रीचं. नायजर घेताना तो ऑक्राटॉक्सिन आणि फ्युमोनिसिन न बनवणारा असल्याची खात्री करून घ्या, सगळे नायजर निर्धोक नसतात. प्रश्न जनावराच्या खाद्याचा आहे.

---

वारणाकाठ

पावडरच आधी, ठरलं. एकच शंका: एका वेळी वीस ट्रे म्हणजे वीस किलो. फ्लास्कसारखे ग्रॅममागे एक कोटी बीजाणू द्यायचे तर इतके आणायचे कुठून? आणि कल्चर स्लँटवरून (नळीतल्या तिरप्या माध्यमावरून) स्लँटवर घेत गेलो तर चालेल का?

---

पायलटप्लांट

वीस किलोला ग्रॅममागे एक कोटी म्हणजे 20,000 कोटी बीजाणू. पीडीएच्या (बटाट्याच्या घट्ट माध्यमाच्या) एका चांगल्या हिरव्या पेट्रीडिशवर 10 ते 100 कोटी मिळतात. डिशवर भागणार नाही, बीजही कोंड्यावरच वाढवा. 1 लिटरच्या फ्लास्कमध्ये 50 ग्रॅम कोंडा, 55 टक्के ओलावा, 28 अंश, सात दिवस, आणि उजेडात. ट्रायकोडर्माला उजेड मिळाला की बीजाणू भरघोस येतात, अंधाऱ्या इन्क्युबेटरमध्ये नुसता कापूस वाढत राहतो. रोज एकदा फ्लास्क आपटून कोंडा सुटा करा. मग 0.1 टक्का ट्वीन 80 चं निर्जंतुक पाणी 500 मिली, चुंबकाने अर्धा तास ढवळा, दुहेरी मलमलमधून गाळा, हिमोसायटोमीटरखाली मोजा. ट्वीनशिवाय बीजाणू पाण्यावर तरंगत राहतात, भिजत नाहीत.

मोजणी कमी आली तरी घाबरू नका, ग्रॅममागे दहा लाखांवरही चालतं, वाढ अर्धा दिवस उशिरा पकडते एवढंच. मात्र उशीर झाला तर दुसऱ्या कुणी ट्रे बळकवायला तेवढी संधी मिळते. द्रावण ट्रेवर वरून शिंपडू नका. थंड झालेला कोंडा निर्जंतुक टबमध्ये ओतून, द्रावण तीन वेळा थोडंथोडं घालून, तळापासून वर करत कालवा. कोंडा 35 अंशाखाली उतरलाय का ते आत काटा घालून बघा. पिशवी बाहेरून गार लागते तेव्हा मध्ये 60 असतात.

---

सूक्ष्मजीव_पुणे

स्लँटवरून स्लँटवर नको. जास्त सेल्युलेज देणं ही या स्ट्रेनची लादलेली सवय आहे. मूळचा क्यूएम6ए हा दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवरच्या अमेरिकी सैन्याच्या सुती सामानावर मिळाला, रुट-सी30 त्याच्यावर उत्परिवर्तनाच्या फेऱ्या करून अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात घडवला. पिढ्यांमागून पिढ्या साध्या माध्यमावर वाढवलात तर सवय सुटलेल्या, भराभर वाढणाऱ्या पेशी पुढे जातात आणि ट्रे देखणा दिसूनही युनिट उतरतात.

कल्चर आल्या आल्या एकदाच भरपूर बीजाणू काढा, 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये अर्ध्या मिलीच्या पन्नास-साठ कुप्या भरा, उणे 80 ला ठेवा. उणे 80 नसेल तर पुण्यातल्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या) एनसीआयएम या सूक्ष्मजीव संग्रहाकडे किंवा आघारकर संस्थेतल्या बुरशी संग्रहाकडे लायोफिलाइज (गोठवून वाळवणं) करून देण्याची चौकशी करा. प्रत्येक बॅचला नवी कुपी, कुपीवरून डिश, डिशवरून कोंड्याचं बीज, तिथे साखळी संपली. वितळलेली कुपी परत गोठवायची नाही. दर काही बॅचेसनंतर कुपीवरचं एक फ्लास्क तुमच्या जुन्या 6 युनिटच्या कृतीने, तसंच्या तसं लावून बघा. फ्लास्क 6 देतंय आणि ट्रे देत नाही, तर दोष ट्रेचा. फ्लास्कही 4 वर आलं, तर कोंड्याचा नवा लॉट आणि कुपी तपासा, ट्रेला हात लावू नका.